लाखेच्या सीलखालचा लॅपटॉप

ती घटना विसरा, असे मला खात्यातल्या अनेकांनी सांगितले. मी विसरलेलो नाही. मुदतीआधी निवृत्ती घेऊन आता जळगावजवळच्या असोद्यात घरी बसलो आहे. कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हद्दीतल्या एका गावाने, पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून दावे दाखल केले होते. अशा दाव्यांत गावातल्या वडीलधाऱ्याचा जबाब पुरावा म्हणून चालतो. इथे तो जबाब एका नानांचा होता. कोणाचे शेत कुठून कुठपर्यंत, हे त्यांनी सांगितले होते आणि कागदावर अंगठा दिला होता. पुढे नाना वारले. मग गावातल्याच एकाने तक्रार दिली की अंगठा नाना गेल्यानंतर उठवला आहे. कागद तयार करणारी गावच्या वनहक्क समितीची सचिव, चाळिशीची एक बाई, आरोपी झाली. जबाब खोटा ठरला असता तर ती तुरुंगात गेली असती आणि गावाचे सगळे दावे बाद झाले असते.

एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. बाई समितीचा लॅपटॉप घेऊन जळगावच्या बसमध्ये बसते आहे, आतले सगळे पुसून आणणार. मी दोन पंच घेऊन स्टँडवर पोहोचलो. ती बाकावर बसून लॅपटॉपवर काहीतरी शोधत होती. फोटो छापून घ्यायला चालले आहे, असे तिने सांगितले. पुरावा हाती लागला याच आनंदात मी होतो. झाकण मिटले, जाड कापडात घट्ट गुंडाळले, दोरी बांधली, लाख वितळवून सील केले, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली. कुऱ्हाड असो की कागद, आम्ही मुद्देमाल असाच बांधत आलो होतो. नंतर ते बासन मुद्देमाल खोलीच्या वरच्या फळीवर गेले. वर पत्रा, महिना मे. खान्देशातला मे काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

चौकशी तीन दिवस चालली. महिला शिपाई शेजारी बसवून मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी तपशील वाढवतो, असा माझा अनुभव. हिचा तपशील वाढलाही नाही, कमीही झाला नाही. नानांनी अंगठा दिला तेव्हा तिने फोनवर चित्रण केले होते. फोन भरला म्हणून ते लॅपटॉपमध्ये टाकून फोनमधून काढले. पासवर्ड तिने न मागता दिला.

"बठ्ठं त्यामा शे," ती म्हणाली. "उघडीसन देखी ल्या."

पंचांसमोर सील फोडले. बॅटरी फुगून तळाचे झाकण उचकटले होते. मी बटण दाबले, चार्जर लावून पुन्हा पुन्हा दाबले. पडदा काळाच. तिने एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "मले खोटी ठरावाले लई गयथात ना?" लॅपटॉप तिला खोटी ठरवायलाच नेला होता का, एवढेच तिने विचारले.

त्या दिवशी मी जे केले ते आता सांगतो. वरिष्ठ म्हणाले, जप्तीच्या वेळीच नादुरुस्त होता असे लिही आणि मोकळा हो. मी लिहिले आणि सही केली. त्या एका ओळीमुळे तिचे म्हणणे थाप ठरले, जामीन फेटाळला गेला. ती सतरा दिवस आत होती.

लॅपटॉप मुख्यालयात सायबर शाखेकडे पाठवायचा होता, तो मीच घेऊन गेलो. तिथला हवालदार वयाने लहान, जिभेने तिखट. फुगलेली बॅटरी बघून म्हणाला, "साहेब, थंडी वाजत होती का याला, गोधडीत गुंडाळलात ते?" मग गंभीर झाला. आता बटणाला हात लावू नका, म्हणाला. मशीन मेले तरी आतली डिस्क बहुधा जिवंत आहे. न्यायालयाची परवानगी घेऊन, पंचांसमोर ती बाहेर काढायची, तिच्यावर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणाला जोडायची आणि हुबेहूब प्रत घ्यायची. मूळ डिस्कला पुन्हा हात नाही.

माझा अहवाल वाचून तो थांबला.

"साहेब, यात नादुरुस्त लिहिलंय. डिस्क सांगेल की जप्तीच्या सकाळी मशीन चालू होतं. मग चित्रण सापडलं तरी कोण मानणार? म्हणतील, पोलिसांच्या ताब्यात असताना कोणीतरी आत घातलं."

म्हणजे माझे खोटे तसेच राहिले असते तर तिचे खरे सापडूनही बुडाले असते.

मी परत येऊन न्यायालयाला दुरुस्तीचा अहवाल लिहिला. लॅपटॉप चालू स्थितीत जप्त केला, चालूच बांधला, पत्र्याखाली ठेवला, आधीचा अहवाल चुकीचा. वरिष्ठांनी तो टेबलावर आपटला. "एका बाईसाठी ठाण्याचं नाव घालवतोस?"

"नाव मी आधीच घालवलंय, सर. आता फक्त लिहून देतोय."

त्यांनी अहवाल पुढे पाठवला नाही, म्हणून मी स्वतः जाऊन दाखल केला. बदली झाली, खातेनिहाय चौकशी झाली, सेवापुस्तकात ठपका बसला. त्या ठपक्याविरुद्ध मी अपील केले नाही. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात प्रामाणिक शेरा आहे.

डिस्कमधल्या काही फाइली खराब निघाल्या, ते चित्रण शाबूत होते. नाना खाटेवर बसले आहेत, शेताच्या हद्दी बोट दाखवून सांगताहेत, मग अंगठा टेकवतात. हात थरथरला आणि कागदाच्या कोपऱ्यावर शाई फरफटली. ज्या कागदाविरुद्ध तक्रार होती त्यावर तोच डाग, त्याच कोपऱ्यावर. ती सुटली. दावे पुढे गेले.

वर्षभराने मी तिच्या गावी माफी मागायला गेलो. तिने पाणी दिले, माफी दिली नाही. "कोर्टमा लिखी दिधं ते बरं करं," म्हणाली आणि कामाला लागली. तिचे बरोबर होते.

कारण न्यायालयालाही मी सगळे लिहून दिले नव्हते. नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी सांगतो, जप्तीच्या वेळी समोरचा माणूस जे बोलेल ते पंचनाम्यात जसेच्या तसे घ्या, मग तो आरोपी का असेना. का, ते त्यांना सांगत नाही. अज्ञानाने चूक झाली, असे मी दुरुस्तीत लिहिले. ते खरे नव्हते. स्टँडवर मी दोरी आवळत असताना ती एक वाक्य बोलली होती. पंचांनीही ऐकले होते. आरोपीने मला शिकवावे याचा मला राग आला आणि मी गाठ आणखी घट्ट मारली. हे वाचून जुने सहकारी फोन करतील. करू देत. पंचनाम्यात राहिलेले ते वाक्य इथे नोंदवतो:

"साहेब, तो चालू शे. पहिले बंद करा, मंग बांधा."