टेपताईची दोन वर्षं

टेपताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. नर्सिंग कॉलेजात आली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी अठरा-एकोणीसच्या. त्याआधी बारा वर्षं तिने शिवणकाम केलं होतं, आणि पहिल्या दिवशी सवयीने गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ती वर्गात येऊन बसली. पोरी खो खो हसल्या. टेप लगेच पिशवीत गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

चालतं मशीन सोडून ती या भानगडीत का पडली, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. कारण साधं होतं. आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातली एक वयस्कर सिस्टर आईची कूस बदलत असे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आईला कळायच्या आत ती वळलेली असे. टेपताईला कसबी हात ओळखता येत होता. आपल्यालाही हे यावं असं तिला वाटलं, आणि वाटलं की करून मोकळं व्हायचं हा तिचा स्वभाव.

कॉलेजचं मात्र तिथून पुढे रोज एक नवीन रडगाणं. ती आली तेव्हा शिकवायला आठजण होते, दुसरं वर्ष सरता सरता तीन उरले. शरीरशास्त्राचे सर नोकरी सोडून गेले आणि त्यांचा तास ऑफिसातला कारकून घेऊ लागला, म्हणजे पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागला. लायब्ररीची किल्ली कुणाकडे आहे यावर दर महिन्याला नव्याने चर्चा होई. सरावाच्या खोलीत एकच पुतळा, त्याचा उजवा हात निखळलेला. पोरी त्याला ‘साहेब’ म्हणत आणि आत जाताना नमस्कार ठोकत. छत्तीसजणी होत्या त्यातल्या बाराजणी राहिल्या. मान्यता राहील की जाईल, कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

अशात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजचं पत्र आलं. ते कॉलेज नावाजलेलं. टेपताईने अर्ज केला होता तो जवळजवळ गंमत म्हणून. प्रवेश मिळाला होता, पण इथली दोन वर्षं धरली जाणार नव्हती. पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं. कळवायला पंधरा दिवस होते. त्यांची वयाची अट पस्तिशीची असल्यामुळे पुढच्या वर्षी दार बंदच होणार होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. त्याने पत्र दोनदा वाचलं.

“म्हणजे दुसऱ्या मजल्यावर पोचलेल्या बाईला परत तळमजल्यावर आणून सोडायचं?” तो म्हणाला.

“लिफ्ट मधेच अडकली तर तुम्ही काय करता?”

“माणसाला बाहेर काढतो. पण त्यालाही घरी जायची घाई असतेच ना.”

दोघं हसले, निर्णय काही झाला नाही. खरं तर टेपताईचं मन इथेच राहण्याकडे होतं. इथे एकच वर्ष उरलं होतं. उसवून परत शिवायचं तिच्या जिवावर येई, आणि ती हुशार होती, परीक्षेत पास होत होती. सरावासाठी त्या जात त्या दवाखान्यात वॉर्डातल्या सिस्टर तिलाच हाक मारत. कॉलेज कसं का असेना, आपल्याला काम येतंय ना, असं ती स्वतःला बजावत असे.

आता या वॉर्डातल्या कामाचं सांगायला हवं. प्रत्येक रोग्याच्या चार्टवर ताप, नाडी आणि श्वास लिहायचे असतात. श्वास मोजण्याची एक रीत आहे. मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट सोडायचं नाही, ते तसंच धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. कॉलेजच्या मोठ्या मॅडमनी हे फळ्यावर व्यवस्थित शिकवलं होतं. पण वॉर्डात बरोबर येऊन दाखवायला माणूस नव्हता, आणि पहिल्याच सकाळी वरच्या वर्गातली एक पोरगी टेपताईच्या कानात कुजबुजली होती, “श्वास वीस लिही गं. सगळ्या वीसच लिहितात.” चाळीस खाटा, हातात अर्धा तास. धडधाकट माणसाचा साधारण तेवढाच असतो, म्हणून टेपताईने वीस लिहिलं. मग दोन वर्षं लिहिलं. बारा वर्षांत दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री न लावलेली बाई, पण हे कधी तिच्या डोक्यातच आलं नाही.

पत्र येऊन आठ दिवस झाले होते. सात नंबरच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा होते, पोस्टातून निवृत्त झालेले, गप्पिष्ट. सकाळी चादरी बदलणाऱ्या मावशींनी टेपताईला कोपराने ढोसलं.

“अगं, आजोबा बोलताना मधेमधे थांबतायत बघ. परवा सबंध गोष्ट एका दमात सांगत होते.”

टेपताईने आजोबांचं मनगट धरलं. नाडी मोजली, मग मनगट न सोडता घड्याळ आणि छाती, छाती आणि घड्याळ. चौतीस. आपलंच चुकलं असेल म्हणून परत मोजलं. छत्तीस. ती डॉक्टरांकडे पळाली.

पुढे भराभर झालं. छातीत न्यूमोनिया निघाला, आजोबांना ऑक्सिजन लावून अतिदक्षता विभागात हलवलं. जाताना डॉक्टरांनी चार्ट उलटून पाहिला. तीन दिवस, नऊ नोंदी, नऊही ठिकाणी वीस.

“हे कुणी लिहिलं?”

“दोन नोंदी माझ्या आहेत,” टेपताई म्हणाली.

डॉक्टरांनी चार्ट मिटला आणि ते आजोबांच्या मागोमाग निघून गेले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

पाच दिवसांनी आजोबा वॉर्डात परत आले, चेहरा उतरलेला पण डोळ्यांत तरतरी. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलं, “हिने वाचवलं मला.” टेपताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हात सोडवून घेतला, उशी सारखी केली आणि भांड्यांच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. दोन वर्षं आपण किती खाटांपाशी उभं राहिलो आणि त्यातल्या किती माणसांकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं, ते तिला कधीच कळणार नव्हतं. आणि आणखी काय काय आपल्याला येतंय असं वाटतं पण येत नाही, तेही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला मोठ्या मॅडमकडे गेली. मॅडम प्रिन्सिपल होत्या, चार विषय शिकवत होत्या आणि वेळप्रसंगी घंटाही त्याच वाजवत होत्या. घरची अडचण सांगायची असं टेपताई रस्ताभर घोकत आली होती.

“एकच वर्ष राहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “वर्गात तूच एक आशा आहेस. का जातेस?”

“मॅडम, मला श्वास मोजता येत नाहीत.”

मॅडमनी चष्मा काढला.

“वीस?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आम्हीही वीसच लिहायचो,” मॅडम म्हणाल्या. पेन सापडेना, म्हणून त्यांनी टेपताईचंच घेतलं, सही केली, शिक्का मारला आणि दाखला टेबलावर सरकवला. “आणि मागे राहिलेल्या अकराजणींनी काय करायचं गं?”

मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या उठल्या आणि शेजारच्या वर्गात शिरल्या.

तिथे कारकुनाचा तास चालू होता. वाचन मधेच तुटलं. मॅडमचा आवाज आला, “पुस्तकं मिटा. दोघी-दोघी बसा. एकीने दुसरीचं मनगट धरायचं. पूर्ण एक मिनिट. अंदाज नको.”

टेपताई व्हरांड्यात दाखला धरून उभी राहिली. त्या वर्गात इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तिला राग आला. कुणाचा ते धड कळेना, मॅडमचा, स्वतःचा, की या मिनिटाचा, जे दोन वर्षांपूर्वी द्यायला कुणालाच जमलं नव्हतं. डोळे भरून आले. आत जाऊन तिनेही कुणाचं तरी मनगट धरावं असं तिला फार वाटलं. पण उद्या परत तोच कारकून पुस्तक उघडणार होता, आणि तिने पाय हलवला नाही.

“किती?” आतून मॅडमनी विचारलं.

“वीस,” एक पोरगी पटकन म्हणाली.

कुणी हसलं नाही.

“परत मोज,” मॅडम म्हणाल्या.

टेपताई जिना उतरली.