सहाव्या होलपाशी कोण ओरडलं?

मी सिव्हिल इंजिनिअर. जे मोजता येत नाही, ते मी मानत नव्हते... म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

निलंग्याच्या अलीकडे एका तळ्याकाठी निजामाच्या काळातला नऊ होलांचा गोल्फ कोर्स आहे. पाण्याची टंचाई, म्हणून हिरवळीऐवजी होलभोवती तेल चोळलेली वाळू असायची – त्याला ‘ब्राऊन’ म्हणतात. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर खेळ बंद पडला, म्हशी चरू लागल्या. शेजारच्या रिसॉर्टनं तो कोर्स जसा होता तसा पुन्हा उभा करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. जुना नकाशाही मिळाला होता.

त्या दिवशी भर दुपारी सहाव्या ब्राऊनवरची माती काढायची होती. रफिकभाई जेसीबी पुढं घेत होते. नागव्वा बाजूला दगड वेचत होती. मी फोनवर व्हिडिओ घेत होते.

“थांब!”

अगदी कानाशी, तळ्याच्या बाजूनं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी गर्रकन तळ्याकडे वळले. कुणी नाही. त्याच क्षणी जेसीबी कचकन थांबला.

“का थांबलात?” मी ओरडले.

“तुमीच तो ‘रुको’ बोले ना मॅडम!”

“मी? मी काहीच नाही बोलले!”

नागव्वा घाबरून उभी होती. ती कर्नाटक सीमेवरची. “बाई, रुको न्हाई... ‘निल्लु’ म्हनलं कुणीतर. आमच्यात थांबायला निल्लु म्हणत्यात.”

रफिकभाईंनी इंजिन बंद केलं नाही, फक्त बकेट लांबवून पुढची जमीन हलकेच दाबली...

ब्राऊन खचला. अख्खाच्या अख्खा! कुजलेली लाकडं, मुरूम, सगळं धडाधड खाली गेलं आणि खोलवर पाणी वाजलं. दगडी बांधणीची विहीर. जेसीबीचं पुढचं चाक काठापासून हातभर अंतरावर होतं.

रफिकभाई इंजिन बंद करून खाली उतरले. नागव्वानं त्यांना पाणी दिलं. माझ्या हातातला फोन तेव्हाही चालूच होता.

नकाशात विहीर नाही. गावातल्या जाणत्यांनाही ती ठाऊक नव्हती.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात व्हिडिओ पाहिला. जेसीबी थांबतो त्या क्षणी फक्त इंजिनची घरघर आहे. कुणाचाही आवाज नाही. पण रफिकभाई आणि नागव्वा एकाच क्षणी मान वळवून तळ्याकडे बघतात. माझा फोनही तिकडेच वळतो. समोर नुसतं पाणी.

कोर्स आता सुरू झालाय. सहावा होल आम्ही वीस पावलं सरकवला, विहिरीला कठडा बांधला. रफिकभाई अजून माझ्याच साईटवर असतात. नव्या जागी बकेट टेकवण्याआधी ते इंजिन बंद करतात, क्षणभर ऐकतात.

मी घाई करा म्हणत नाही. मीही ऐकत असते.