नरेशच्या नावावरचे नऊ शब्द

नरेश गेल्यानंतरचा तिसरा रविवार होता. सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको प्रियदर्शिनी कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात मीनलचा फोन आला. मीनल म्हणजे तिथल्या छोट्या मराठी बौद्ध मंडळाची सेक्रेटरी.

"ताई, रागावू नका. पण मंडळाच्या साइटवर आज नरेशदादांचं नवीन पान आलंय."

"जुनं असेल गं."

"आजची तारीख आहे. मुलांसाठी आठवड्याचा शब्द. आज 'कोनाडा'. मागच्या दोन रविवारीही आलेत, आपण कुणी बघितलंच नाही. माझी उल्का विचारतेय, काका बरे झाले का?"

प्रियदर्शिनीने हातातला ओला शर्ट तसाच बादलीत टाकला आणि मोबाइलवर साइट उघडली. कोनाडा म्हणजे काय, त्यात काय काय ठेवायचे, हे नरेशने त्याच्या नेहमीच्या खोडकर भाषेत लिहिले होते. वर त्याचे नाव. आज सकाळी आठ वाजता.

ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे तंत्रज्ञ होती. बाटलीवर जे लिहिलेय तेच बाटलीत असते, या शिस्तीतली बाई. साइट मात्र अकरा वर्षे नरेशने एकट्याने सांभाळली होती. पासवर्ड त्याच्या डायरीत सापडला. त्या संध्याकाळी ती त्याच्या खुर्चीत बसली आणि आत शिरली.

आत सगळी इंग्रजीच, पण तिला येत असलेली इंग्रजी नव्हे. एका रकान्यात 'स्लग'. म्हणजे गोगलगाय? एका पानापुढे 'पेरेंट: नन'. खाली लाल अक्षरांत 'तीन ऑर्फन पाने'. बाप नाही, पोरकी पाने. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिची मुलगी अश्लेषा ऑफिसातून आली, तिने वाकून पाहिले.

"Ma, it's only jargon lah. पेरेंट म्हणजे वरचं पान. दुसरं काही नाही."

"मग तसं का नाही लिहीत?" प्रियदर्शिनी म्हणाली. अश्लेषा स्क्रीनवरचे बाबांचे नाव बघत होती.

वरच्या पट्टीत 'शेड्यूल्ड' असाही एक शब्द होता, पुढे कंसात नऊ. तो प्रियदर्शिनीने मुद्दाम टाळला. तो शब्द तिच्या जातीच्या दाखल्यावर होता, कॉलेजच्या यादीत तिच्या नावापुढे होता, आणि नागपूरच्या वर्गात तो मोठ्याने वाचला गेला की मागच्या बाकांवर कोण हसायचे हे तिला अजून आठवत होते. तो इथे, नवऱ्याच्या कामात, कशाला? चार दिवस ती बाकी सगळीकडे फिरली आणि त्याला हात लावला नाही.

शुक्रवारी सुट्टी घेऊन तिने तो उघडला. नऊ पाने होती. येत्या रविवारपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत, प्रत्येक रविवारी सकाळी आठची वेळ लावलेली. म्हणजे माणूस गेला तरी पाने आपली आपण येत राहणार होती.

तिने नऊही वाचली. फिरकी, झारा, पागोळ्या, चिमटा. कुठेतरी आपल्यासाठी एखादी ओळ असेल म्हणून पुन्हा वाचली. नव्हती. मुलांसाठीचे शब्द, बस.

बाजूला 'रिव्हिजन्स' लिहिले होते. दाबल्यावर कळले, पान कधी लिहिले त्याची ही नोंद. बारा ऑगस्ट. दुसरे पानही बारा ऑगस्ट, तिसरे तेरा. तिने मागची, प्रसिद्ध झालेलीही उघडली. जवळजवळ चाळीस शब्द, सगळे ऑगस्टच्या एकाच आठवड्यात, भर दुपारी, ऑफिसच्या वेळेत लिहिलेले.

आजाराचे त्याने तिला ऑक्टोबरमध्ये सांगितले होते. "कालच रिपोर्ट आला," असे म्हणाला होता.

खालून एलआरटीची छोटी रेल्वे गेली, तिचा आवाजही परका वाटला. ऑक्टोबरपासून दर शनिवारी तो लॅपटॉप घेऊन बसायचा. तिला वाटायचे शब्द लिहितोय. मग तो काय करत बसायचा? ती खुर्चीतून उठली आणि पुढचे कितीतरी दिवस तिच्यात बसली नाही. जेवताना, बेसिनपाशी तोंड धुताना, मागे कुणीतरी कॅलेंडर हातात घेऊन उभे आहे असे तिला वाटायचे.

शेवटी तिने रवींद्रला बोलावले. तो मंडळाचा अध्यक्ष, नरेशचा सगळ्यात जुना मित्र, जुरोंग ईस्टला राहणारा.

"भाऊजी, ऑगस्टमध्ये तुम्हाला माहीत होतं?"

रवींद्रने चहाचा कप खाली ठेवला. "हो वहिनी. मीच त्याला हॉस्पिटलात घेऊन गेलो होतो."

"आणि मला?"

"तुम्ही आणि अश्लेषा नागपूरला होतात. तुमच्या आईचं शेवटचं चाललं होतं. तो म्हणाला, तिला एका वेळी एकच दुःख पुरे. घरी एकट्याला बसवत नाही म्हणून माझ्याकडेच राहिला आठवडाभर. लिहीत बसायचा."

"आई सप्टेंबरमध्ये गेली. त्यानंतरचा महिना?"

रवींद्र कपाचा कान बोटाने फिरवत राहिला.

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पेलवेल का नाही, ते मी सांगितलं असतं. तो महिनाभर मी त्याच्याशी भांडले, वजन कमी झालं म्हणून नीट जेव म्हणाले. तुम्ही दोघांनी मला तेवढा वेळ दिला नाही."

रवींद्र मान खाली घालून गेला.

समितीने साइटवर प्रियदर्शिनीचे नवे खाते उघडून नरेशचे काढून टाकायचे ठरवले होते. प्रियदर्शिनीने खाते काढायचे बटण दाबले तेव्हा स्क्रीनने विचारले, या व्यक्तीच्या मालकीचा मजकूर नष्ट करायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा? यादीत एकच नाव होते, तिचे. तिने मागे जाऊन खाते तसेच राहू दिले आणि समितीला तसे कळवले. पण उरलेली सगळी पाने तिने वेळापत्रकातून काढली. आपोआप काही येऊ द्यायचे नाही, हे तिने ठरवले. दर रविवारी ती स्वतः एक पान लावू लागली, आणि खाली एक ओळ: हे नरेशने मागच्या ऑगस्टमध्ये लिहिले होते. तो मार्चमध्ये वारला.

मीनलला ती ओळ कठोर वाटली. पण उल्काने आईला विचारणे थांबवले.

नववे पान वैशाख पौर्णिमेला लागले. त्या सकाळी मंडळात वंदना झाल्यावर प्रियदर्शिनी खीर वाढत होती. रवींद्र रांगेत शेवटी येऊन उभा राहिला.

"वहिनी, राग गेला का?"

"नाही गेला," तिने वाटी भरली. "पण गरम आहे तोवर घ्या."