पुलावरून माघारी फिरलेली एसटी

ही गोष्ट मी सांगते तेव्हा पुरती सांगते. तीत माझी चूक आहे, आणि ती लपवून देवाची कृपा तेवढी सांगणं मला जमत नाही.

आमचं गाव चंदगड तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. गावात फोन फक्त पोस्टात, तो काळ. मुलगा कबनूरला मागावर कामाला. घरात मी आणि पहिलटकरीण सून, गिरिजा. आम्ही लिंगायत; आंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नसे. या नेमाचा मला अभिमान होता. उपकेंद्राच्या नर्सबाई दर महिन्याला गिरिजाला तपासायला येत. त्या बौद्ध समाजाच्या. मी त्यांना बाहेरच्या सोप्याच्या आत कधी घेतलं नाही. "मावशी, हिच्या अंगात रक्त कमी हाय. गोळ्या चुकवू नका," असं त्या बजावून जात. गोळ्यांनी पोर काळं होतं असं मी ऐकलेलं. त्या गेल्या की मी गोळ्या केळीच्या बुडात टाकायची. गिरिजा नुसती बघायची.

श्रावणात एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. चार दिवस पाऊस हटत नव्हता. सुईण गंगव्वा आली. दुपारच्या आत मुलगी झाली, वारही पडली. मी हात जोडले, तोच गंगव्वाचा चेहरा उतरला. रक्त थांबेना. लुगड्याच्या घड्यांवर घड्या भिजत होत्या.

"आत्ती, डोळ्यांफुडं अंधार येतोय," गिरिजा पुटपुटली.

"आता माज्या हातात न्हाय. दवाखान्यात न्ह्या," गंगव्वा म्हणाली.

शेजारी रस्त्यावर पळाले नि तसेच परत आले. "पुलावर पाणी हाय. एसटी बी माघारी फिरली."

त्या पाण्याला मी शिव्या घातल्या. देवघरात जाऊन लिंग हातात घेतलं, पण शब्द फुटेना. इतक्या वर्षांची पूजा कुणाच्या कानावर गेलीच नाही का, असं मनात आलं.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. नर्सबाई, चिंब भिजलेल्या. तालुक्याच्या मीटिंगला निघाल्या होत्या. एसटी पुलावरून फिरली, तेव्हा गिरिजाला बघून जावं म्हणून आमच्या फाट्यावर उतरल्या. सवयीनं त्या सोप्यावरच थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून माझ्या काळजात आहे.

"या की ओ आत!" मी ओरडले.

त्यांनी पिशवीतनं इंजेक्शन काढून दिलं, मुलीला गिरिजाच्या छातीशी लावलं. मी पुन्हा देवघराकडं वळले.

"मावशी, देवाशी मागाहून बोला. हात द्या हिकडं." माझा हात धरून त्यांनी गिरिजाच्या पोटावर दाबला. "गर्भाची पिशवी दगडागत घट्ट झाली पायजे. चोळत ऱ्हावा. थांबला तर गिरिजा जाईल."

मी चोळत राहिले. हाताखाली घट्ट होई, पुन्हा सैल पडे. नर्सबाईंचा हात माझ्या हातावर होता. मनगट बधिर झालं तरी त्या सोडू देईनात. हळूहळू रक्ताची धार तुटली. पाणी उतरल्यावर जीप मिळाली, नर्सबाई सोबत बसल्या. दवाखान्यात रक्त चढवलं आणि गिरिजा वाचली.

ती घरी आल्यावर मी नर्सबाईंना गोळ्यांचं सांगितलं. "मला वाटलंच हुतं," म्हणाल्या, "म्हणून तर उतरले फाट्यावर." मी त्यांचे पाय धरायला गेले, त्यांनी धरू दिले नाहीत. पुढं त्यांची बदली होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर घरोघर जाऊन माझ्यासारख्या सासवांना माझीच चूक सांगत फिरले.

पाणी ओसरू दे, एवढंच मला मागायचं होतं. पण ते पुलावर नसतंच तर एसटी पुढं गेली असती, आणि नर्सबाई तिच्यात असत्या. आपल्याला काय हवं हे आपल्याला कळत नाही, म्हणून आता मी मागत नाही. जे येईल ते त्याचं म्हणून घेते. आणखी एक. पोट चोळताना मी एकदाही देवाचं नाव घेतलं नव्हतं, हे मला फार उशिरा आठवलं. पण तेवढी त्याच्या जवळ मी आयुष्यात कधीच नव्हते.