सोन्याचं गोत

अरुणा रेगे हिचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि एकदा ते तिला चांगलंच नडलं.

तिचे यजमान लक्ष्मण रेगे बँकेत होते. १९९४ साली ते तोक्योच्या शाखेत बदलून आले. त्याच्या दहा महिने आधी त्यांची एकुलती एक मुलगी नुपूर एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेली होती. उभ्या नोकरीत लक्ष्मणरावांनी कधी बदलीसाठी अर्ज केला नव्हता, तो या खेपेला केला. शहरातल्या हिगाशी-कसाई भागात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणजे विचारपूस करणारंही कुणी नव्हतं. दोघांनाही ते बरं वाटलं.

अरुणा रडत नसे. रडू येईल म्हणून सुरुवातीला तिनं वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडून दिलं. सोमवारी नि गुरुवारी जळणारा कचरा, बुधवारी न जळणारा, शनिवारी बाटल्या आणि डबे हे तिनं पहिल्याच आठवड्यात पाठ केलं आणि त्यात कधी चूक केली नाही. फक्त मधेच ती थांबे. तांदळाच्या डब्यात हात घातलेला तसाच राही. किती वेळ गेला ते गॅसवरच्या आधणावरून कळे. पाणी आटून निम्मं झालेलं असे. मग ती काम जिथे सोडलं असेल तिथून पुढे सुरू करी.

वॉर्ड ऑफिसात परदेशी बायकांसाठी जपानीचा वर्ग चाले. तिथे ती दोन वर्षं गेली आणि कांजी, म्हणजे चित्रासारखी ती जपानी अक्षरं, गिरवायला शिकली. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘किन’ लिहिलं. किन म्हणजे सोनं. मग त्याच्यापुढे ‘झोकु’ लिहिलं. झोकु म्हणजे त्याच्या कुळातलं, त्याच्या गोतातलं. दोन्ही मिळून ‘किनझोकु’, म्हणजे धातू. लोखंड, तांबं, जस्त, सगळं सोन्याचं गोत. अरुणानं ते वहीत उतरवून घेतलं.

शहाण्णवच्या वसंतात जवळच्या फुनाबोरीला राहणाऱ्या, जपानीच्या वर्गात ओळख झालेल्या शैलजा कामतचा फोन आला.

“अरुणा, घरात बसून भिंतींना डोळे लावू नकोस. आकिहाबाराला एक दुकानदार आहे, त्याला इंग्रजी वाचणारं माणूस हवंय. आठवड्याचे तीन दिवस. बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम.”

“कसलं दुकान?”

“सोनं शोधायची यंत्रं विकतो म्हणे.”

“काहीतरीच.”

“अगं, देवाशप्पथ! जाऊन तर बघ. सापडलं तर निम्मं माझं.”

दुकान स्टेशनमागच्या बोळात, तिसऱ्या मजल्यावर होतं. मालक कोइके-सान साठी उलटलेले, ठेंगणे, सदा स्वेटर घातलेले. बिनतारी संच, मोजमापाची उपकरणं आणि एका भिंतीला टांगलेले मेटल डिटेक्टर असा त्यांचा माल होता. डिटेक्टरांबरोबर येणारी पुस्तकं इंग्रजीत, आणि कोइके-सानना इंग्रजी म्हटलं की घाम फुटे.

“अरुणा-सान, तुम्ही हे वाचा आणि मला थोडक्यात सांगा,” ते म्हणाले. “मी तीस वर्षं नुसती चित्रं बघून विकतोय.”

अरुणानं सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. दांड्याच्या टोकाला चकती, कानाला हेडफोन, चकतीखाली धातू आला की आवाज. बाकीचा फरक बारीक होता. तैवानचा डिटेक्टर स्वस्त नि हलका, पण तो समुद्रकाठच्या वाळूत हरवलेली नाणी शोधणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियाचा फार खोलवर ऐकणारा, पण त्याची बॅटरी पाठीला बांधावी लागे आणि बारीक दाणा त्याला कळतच नसे. अमेरिकेचा खोल जात नसे, पण इंचभर मातीखालचा तांदळाएवढा सोन्याचा दाणा त्याला ऐकू येई. मात्र खिळाही ऐकू येई आणि बाटलीचं झाकणही. खिळे गाळायचं बटण दाबलं तर बारीक सोनंही त्याबरोबर गळून जाई. हे सगळं तिनं कोइके-सानना सांगितलं. ते ‘होऽ’ म्हणून मान हलवत राहिले.

सप्टेंबरात कोइके-सान प्रदर्शनासाठी ओसाकाला गेले होते, तेव्हा नागासे-सान आले. उंच, ताठ म्हातारा. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“माझ्या बायकोच्या गावच्या नदीत सोनं आहे,” ते म्हणाले. “यामानाशीच्या डोंगरात. ती लहान असताना तिचे वडील काढायचे. असं ती म्हणते.”

“तुम्ही पाहिलंय?”

“नाही. चाळीस वर्षं मी तिची थट्टा करत आलो. पाहुण्यांसमोरसुद्धा. सोन्याच्या गावची लेक आली, असं म्हणायचो.” त्यांनी काउंटरवरची टोपी सरळ केली. “आता तिला काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणतात, नव्या वर्षापर्यंत थोडंफार दिसेल. त्याच्या आत मला ते काढून तिला दाखवायचंय.”

“केवढं हवं?”

“तांदळाच्या दाण्याएवढं. धूळ असून उपयोग नाही. धूळ तिला दिसायची नाही.”

अरुणानं कागद पुढे ओढला. “तिन्ही यंत्रांची तुलना करून पोस्टानं पाठवते. शुक्रवारी मिळेल.”

त्या दुपारी तिनं पट्टी घेऊन तीन रकाने आखले. वजन, चकती, खोली, बॅटरी, किती बारीक दाणा कळतो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर यंत्राचं नाव आणि खाली ‘किनझोकु-तांचिकी’, म्हणजे धातुशोधक. पहिल्या दोन रकान्यांत ते नीट लिहून झालं. तिसऱ्यात, अमेरिकन यंत्राखाली, ‘किन’ लिहिलं आणि ती थांबली. खालच्या बोळात कुणी पुठ्ठ्याची खोकी बांधत होतं, चिकटपट्टी खेचल्याचा आवाज येत होता. तो कधी बंद झाला तिला कळलं नाही. भानावर आली तेव्हा तिनं पेन उचललं आणि पुढचा ‘तांचिकी’ लिहिला. झोकु राहून गेलं.

कागद सुंदर दिसत होता. दोन यंत्रं धातू शोधणारी आणि तिसरं सोनं शोधणारं. कोइके-सान परतले तोवर तो टपालात पडला होता.

पुढच्या सोमवारी नागासे-सान आले आणि त्यांनी अमेरिकन यंत्र घेतलं. कोइके-साननी खोकं बांधलं, दोघांनी कमरेत वाकून त्यांना निरोप दिला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या, उजवा पाय आखडल्यासारखा टाकत होते. त्यांनी एक कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. आत खिळे होते. गंजलेले, वाकडे, त्यात बिजागऱ्या, कड्या, एक नाल.

“जुना लाकडी पूल पुरात वाहून गेला होता, त्याचे असावेत,” ते म्हणाले. “तक्रार नाही. एवढंच विचारायचंय, खिळ्याच्या खाली किती खोल खणायचं?”

“खिळ्याच्या खाली?”

“आवाज येतो, मी खणतो. वर खिळा निघतो. हे यंत्र फक्त सोन्याला आवाज देतं, म्हणजे सोनं खिळ्याच्या खाली असणार. मी गुडघ्याइतकं खणतो. दोन ठिकाणी कमरेइतकं खणलं. खाली गेलं की आवाज बंद होतो. माझं काही चुकतंय का?”

कोइके-सान आतल्या दारात येऊन उभे राहिले.

“फक्त सोन्याला, असं कोण म्हणालं?” अरुणानं विचारलं.

नागासे-साननी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद काढला. घडीवर झिजला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. अरुणानं तिसरा रकाना पाहिला. तिला धक्का बसला नाही. आताशा तिला कशाचाच बसत नसे. एक अक्षर गळालंय एवढं तिला दिसलं. गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं. नशीब म्हणून नागासे-सान परत गेले असते आणि आणखी खणत राहिले असते. ती त्यांच्या बोटांच्या पट्ट्यांकडे पाहत होती.

“हे मी लिहिलंय,” ती म्हणाली. “माझं एक अक्षर राहिलं.”

तिनं पेन घेतलं, दोन अक्षरांच्या मधे, जागा नव्हती तिथे बारीक करून ‘झोकु’ लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

नागासे-साननी तो बराच वेळ वाचला. “म्हणजे आवाज खिळ्याचाच होता.”

“हो.”

“प्रत्येक वेळी.”

“हो.”

कोइके-सान पुढे आले आणि कपाळ काउंटरला टेकेल इतके वाकले. यंत्र परत घेतो म्हणाले. नागासे-साननी हात हलवला. यंत्राचं त्यांच्या मनातही नव्हतं. “सात आठवडे गेले,” ते म्हणाले. “डावा डोळा गेला तिचा. उजव्यात आहे थोडं.”

अरुणानं यंत्राचं पुस्तक काढून शेवटून दुसरं पान उघडलं. हे पान तिनं वाचलं होतं, पण त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

“इथे लिहिलंय, नदी जड वस्तू एकाच खबदाडात टाकते. जिथे जुने खिळे साठतात तिथे सोनंही साठतं. पण बहुधा धुळीसारखं, ते कुठल्याच यंत्राला कळत नाही. ते पाण्यात थाळी हलवून काढायचं.”

“मी उपसून बाजूला टाकली त्या मातीत?”

“असेल. नसेलही. पण असली तर धूळच. दाण्याचं मी सांगू शकत नाही.”

त्यांनी खिळ्यांच्या पिशवीचं तोंड आवळलं.

“रविवारी मी येते,” अरुणा म्हणाली. “माझ्याकडे परात आहे.”

रविवारी सकाळी ती कणीक मळायची स्टीलची परात कापडी पिशवीत घालत होती. लक्ष्मणराव दाढी करता करता बाहेर आले.

“परात घेऊन कुठे?”

“नदीवर. माझ्या हातून चूक झालीय.”

त्यांनी गालावरचा फेस पुसला. “मी येऊ?”

“नको.”

 त्यांनी थर्मासमध्ये चहा भरून पिशवीत ठेवला आणि आपल्या लोकरी हातमोज्यांची जोडी वर ठेवली.

यामानाशीच्या त्या लहानशा स्टेशनबाहेर नागासे-सानची पांढरी मोटार उभी होती. पुढच्या सीटवर, मांडीवर ब्लँकेट घेऊन, त्यांची बायको बसली होती. कियो-सान. बारीक, सुरकुतलेली, ओठांना ठसठशीत लाली लावलेली. अरुणाचा आवाज आला तिकडे मान वळवून ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याला खड्ड्यात घातलंत त्या बाई तुम्हीच का?”

“हो.”

“बरं केलंत. घरात बसून माझ्यामागे भुणभुण करायचे.”

नदी उथळ होती, दगड पांढरे. काठाने खड्डे दिसत होते, एकामागून एक, प्रत्येकाशेजारी मातीचा ढीग. अरुणानं मोजले नाहीत. नागासे-साननी बायकोला घडीच्या खुर्चीवर पाण्याजवळ बसवलं. अरुणानं पहिल्या ढिगातली माती परातीत घेतली, बुडवली आणि हलवू लागली.

“किती वर्षं आहात जपानात?” कियो-साननी विचारलं.

“अडीच.”

“मुलं?”

“एक मुलगी होती.”

कियो-साननी परातीकडे कान केला. परातीतले खडे खळखळत होते. मग ती म्हणाली, “फार पाणी घेतलंत. आवाज भरून येतोय. सांडा थोडं.”

अरुणानं सांडलं.

“झटके नकोत. डुलवा. वडील डुलवायचे, झोळीतल्या पोराला डुलवतात तसं. हां. आता वरचे गोटे हातानं काढा.”

“कियो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” नागासे-सान म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

हे तर रोळणं, अरुणाच्या लक्षात आलं. सासूबाई तांदूळ रोळायला बसवत, पाण्यावर वरच्या वर दाणे ओतून घ्यायचे आणि खाली खडे ठेवायचे. इथे फक्त उलटं, वरचं टाकायचं आणि तळाचं ठेवायचं. तिचे हात आपोआप चालू लागले. पहिल्या ढिगात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं, तिसऱ्यात नव्हतं. पाणी इतकं गार होतं की बोटं कुठे संपतात आणि परात कुठे सुरू होते ते कळेना. हातमोजे भिजून दगडावर पडले होते. नागासे-सान फावड्यानं माती आणून देत होते, लंगडत.

कमरेइतक्या खणलेल्या खड्ड्याशेजारच्या ढिगाशी पोचेपर्यंत दुपार झाली. गोटे गेले, वाळू गेली, तळाशी बोटभर काळी रेती उरली. अरुणानं परात तिरकी केली आणि पाण्याची एक पातळ लाट तिच्यावरून नेली. काळ्याच्या कडेला पिवळी रेघ उमटली. खसखशीहून बारीक सात-आठ कण.

“नागासे-सान,” ती म्हणाली.

ते गुडघ्यावर बसले. चष्मा वर ढकलला, खाली घेतला. मग त्यांनी बायकोला हाताला धरून उठवलं, परातीवर वाकवलं आणि तिचा चेहरा कडेपर्यंत आणला. तिनं उजवा डोळा उघडा ठेवून डोकं हळूहळू इकडून तिकडे फिरवलं.

“पिवळं आहे,” नागासे-सान म्हणाले. “काळ्याच्या डाव्या कडेला. बघ, तुझ्या नाकासमोर.”

“नाही दिसत.”

“उन्हाकडे कर तोंड. आता?”

“अहो, नाही दिसत.” ती सरळ झाली. आवाजात राग नव्हता की दुःख नव्हतं. “तुम्हाला दिसलं का?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग झालं तर. मी तर लहानपणीच पाहिलंय.”

नागासे-सान तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले, टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या. गाडी सुटण्यापूर्वी सगळं ठीक असल्याची खात्री करताना जपानी फलाटावरचे कर्मचारी रोज करतात तसा त्यांनी उजवा हात सरळ पुढे ताणला, तर्जनी परातीतल्या त्या कणांवर रोखली आणि दरी दणाणेल अशा आवाजात पुकारा केला, “सोनं! आहे!”

कियो-सान हसायला लागली. हसता हसता तिनं खुर्चीचा हात पकडला. “पुन्हा,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा.”

“सोनं! आहे!”

अरुणाच्या दोन्ही हातांना मुंग्या येऊन ते आता ठणकू लागले होते. तरी तिनं परात हलू दिली नाही.