बोरूतला वटवट्या

माझा मामा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद केलं, पण सवय गेली नाही. समोरच्याचं मनगट ओढून घड्याळ कानाशी नेतो आणि म्हणतो, "हल्लीच्या घड्याळांत जीव नाही." आम्ही हसायचो.

दर हिवाळ्यात एका रविवारी तो तळ्यावर पक्षी मोजतो. नियम त्याचेच. काठच्या बोरूच्या उंच गवताच्या दाटीपाशी दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढंच वहीत लिहायचं. तिथे हिवाळ्यात वटवट्या येतो. मुठीएवढा तपकिरी पक्षी, दिसतो कमी, बोलतो फार. पण गेले तीन हिवाळे वहीत त्याच्यापुढे शून्य होतं. "वटवट्या आता इथे येत नाही," असं मामानेच पंचायतीला सहीनिशी लिहून दिलं होतं. पक्षीच नाही तर बोरू राखायचे कशाला, म्हणून उद्या सगळे बोरू कापले जाणार होते, आणि मामा आठवडाभर नीट जेवला नव्हता.

यंदा मामीने मला सोबत धाडलं. धुकं होतं, बोटं गारठली होती. आम्ही डोळे मिटले. मिनिटभरात समोरून आवाज आला, टिक, टिक. मग डावीकडून दुसरा. दहा मिनिटं झाल्यावर मी आनंदाने डोळे उघडले, तर मामा पेन्सिलीने शून्य काढत होता.

मामा चूक कबूल करणाऱ्यांतला नाही; मामी म्हणते, स्वतःच्या चुकीला तो 'किरकोळ फरक' म्हणतो. पण गप्प बसले असते तर उद्या विळे चालले असते.

"मामा, दोन आहेत. आत्ताही बोलतायत."

त्याने कानामागे हात धरला. मग माझं मनगट ओढून घड्याळ कानाशी नेलं. ते त्यानेच मला दिलेलं, किल्लीचं.

"चालू आहे?"

"चालू आहे, मामा."

मग वहीची मागची पानं उलटून तिन्ही शून्यांपुढे त्याने लिहिलं, 'पक्षी असतील. मोजणाऱ्याला ऐकू येत नव्हतं.' खाली सही केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आजचा आकडा तू लिही. इथून थेट सरपंचांच्या घरी जायचंय."

मी दोन लिहिलं आणि निघायला वळले. मामा मात्र पुन्हा डोळे मिटून उभा होता.

"थांब जरा," तो म्हणाला. "तो बोलला की माझा हात दाब."