कामाचे स्वरूप

पंगत उठली होती. मॅडमच्या प्रताप नगरातल्या घरात, हॉलभर, उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या. कढीचे ओघळ, पुरणपोळीचे अर्धेमुर्धे तुकडे, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा. महालक्ष्मी वरून बघत होत्या, नवी साडी, नथ, सगळं. मी दाराशी उभी होते. मला वाटत होतं, आता दुसरी पंगत बसेल आणि तिच्यात मी बसेन. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मॅडम आल्या. माझ्या हातात प्लास्टिकची बादली दिली.

“पटकन उचलून घे गं. तू तर आमच्या घरचीच आहेस.”

ओळीतली पहिली पत्रावळ रसिकाची होती. रसिका माझ्या वर्गातली. एका बाकावर बसायचो आम्ही. माझ्या नोट्सवर तिचा पहिल्या वर्षाचा इतिहास निघाला होता. ती अजून जागेवरच बसून होती, हात वाळवत. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे, मग मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी वाकले तशी तिनं ओढणी जवळ ओढली. माझा हात लागू नये म्हणून.

मी उचलली. तिची उचलली, तिच्या शेजारच्याची उचलली, सगळ्या उचलल्या. आख्खा वर्ग होता तिथं. विभागातल्या सगळ्या पोरापोरींना मॅडमनी जेवायला बोलावलं होतं. मलाही बोलावलं होतं. फक्त मला म्हणाल्या होत्या, “तू जरा सकाळीच ये.”

आणि मी, मूर्ख, त्याचा अर्थ मान असा घेतला होता.

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव मौद्याजवळ. वीज केंद्राची चिमणी अंगणातून दिसते, आणि वाऱ्याचा रोख फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आई मिरचीचे देठ खुडायला जाते. तिच्या बोटांची आग जन्मात गेली नाही. लहानपणी ती मला जेवू घालायची नाही, आजी घालायची. आईच्या हातचा घास तोंडात गेला की मी रडायचे म्हणे.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना होती. गरीब घरच्या पोरांनी दिवसाचे काही तास कॉलेजचं काम करायचं, त्याचं मानधन मिळतं, त्यावर शिकायचं. माझी मेस त्यावर चालायची. योजनेतून नाव गेलं की मेस जाणार, मेस गेली की होस्टेल, आणि होस्टेल गेलं की सरळ मौद्याची बस. तिकडे मिरची होती आणि मामानं बघून ठेवलेला एक मुलगा होता. म्हणून ते नाव यादीत राहणं हेच माझ्यासाठी सगळं होतं.

आणि यादी मॅडमच्या हातात होती. त्या आमच्या विभागप्रमुख, योजनेच्या समन्वयकही त्याच. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “पुष्कळ अर्ज होते. मी तुझं नाव घातलं हं.” मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या चपलेला लाल मणी होते. एवढं जवळून बघितलं मी ते.

आईला फोन केला. आई म्हणाली, “देवमाणूस आहे वं तुही मॅडम. तिले कधी नाई म्हणू नको.”

मी नाही म्हटलं नाही.

कागदावर मला ग्रंथालयाचं काम होतं. पहिला महिना ते केलंही. पुस्तकं लावायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची, सोमवारी व्हरांड्यातल्या सूचना फलकाची काच पुसायची. ग्रंथालयात शिपाई म्हणून वसंतकाका होते, ते गोंदाच्या बाटलीत पाणी घालून घालून ती पुरवायचे. मला ते काम आवडायचं. पुस्तक लावता लावता मधेच उघडून वाचता यायचं.

मग एक दिवस स्टाफरूममधले कप. “आज बाई आली नाही गं.” मग रोजचेच कप. मग मॅडमच्या मुलीच्या शाळेचे तक्ते, कारण माझं अक्षर चांगलं. मग रविवारी घरी, कपाटावरची पुस्तकं पुसायला. पुस्तकं म्हणजे ग्रंथालयच झालं ना, असं त्या हसत म्हणाल्या. मीही हसले. मग पुस्तकांवरून पंखे, पंख्यांवरून खिडक्या. प्रत्येक वेळी आवाज साखरेसारखा. प्रत्येक वेळी तेच, “तू घरचीच.” मी ‘मले’ म्हटलं की त्या थांबवायच्या. “मला म्हण. शिकलेल्या मुलीनं असं बोलू नये.” शिकलेल्या मुलीनं खिडक्या पुसलेल्या चालत होत्या.

महिन्याच्या शेवटी एक कागद भरावा लागायचा. विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात. तारीख, तास, आणि शेवटचा रकाना ‘कामाचे स्वरूप’. त्यात काय लिहायचं ते मॅडम सांगायच्या. “ग्रंथालय, पुस्तके लावणे.” मी लिहायचे. पंखे पुसले त्या दिवशीही पुस्तके लावणे. कप विसळले तेव्हाही पुस्तके लावणे. माझ्याच सुंदर अक्षरात. मॅडमची किळस येते ती येतेच, पण त्या अक्षराची जास्त येते.

तर महालक्ष्मी.

मला बोलावलं म्हणून आईनं गावच्या एका माणसाबरोबर ओटीचं सामान पाठवलं होतं. नारळ, खण, तांदूळ. खण तिनं स्वतःसाठी घेऊन ठेवला होता, तोच दिला. मी नवा कुर्ता घातला. दारात मॅडमची नणंद भेटली. तिनं पिशवीकडे बघितलं आणि मागच्या नळाजवळचा धुण्याचा दगड दाखवला. “तिकडे ठेव.” मी म्हटलं, ओटी भरायची आहे. ती म्हणाली, “स्वयंपाकघरात नको येऊस हं, आज सोवळं आहे.”

मग मागच्या अंगणात बसून मी भाज्या निवडल्या. सोळा भाज्या लागतात महालक्ष्मीला. मी निवडलेल्या भाज्या सोवळ्यात चालल्या. पाण्यानं धुतल्या की चालतं म्हणे. मला धुऊन चाललं नसतं.

दुसरी पंगत बसली, ती घरच्यांची. खऱ्या घरच्यांची. तिच्याही पत्रावळी मीच उचलल्या. शेवटी नणंदेनं मला एक डबा दिला. “होस्टेलवर जाऊन खा.” हात धुवायला मी नळाजवळ गेले. दगडावर पिशवी तशीच होती. भांड्यांच्या खरकट्या पाण्यानं भिजलेली. आईच्या खणावर कढीचा पिवळा डाग.

देवीपर्यंत पोचलीच नव्हती आईची ओटी. नळापर्यंत पोचली होती.

डबा मी दगडावर ठेवला, पिशवी उचलली आणि निघाले. होस्टेलच्या पायरीवर नारळ फोडला आणि खोलीतल्या पोरींबरोबर खाल्ला. हातांना कढीचा वास येत होता. साबण लावला, परत लावला. कोणाच्या तरी तोंडातलं, कोणाच्या तरी बोटांवरचं. जात नव्हता वास.

आणि सोमवारी मी परत कामावर गेले. खोटं कशाला सांगू? बंड वगैरे काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, “डबा विसरलीस की गं,” आणि मी म्हटलं, “हो मॅडम.”

त्या सोमवारी फलकाची काच पुसत होते. आतून धूळ होती म्हणून वसंतकाकांकडून किल्ली आणली आणि काच उघडली. परीक्षेच्या वेळापत्रकाखाली एक पिवळा पडलेला कागद होता, अर्धा झाकलेला. वरती योजनेचं नाव दिसलं म्हणून वेळापत्रक बाजूला केलं. विद्यापीठाचं परिपत्रक होतं. मी उभ्या उभ्या वाचलं.

योजनेतलं काम हा पात्र विद्यार्थ्याचा हक्क आहे. काम महाविद्यालयाच्या आवारातच द्यावे. विद्यार्थ्यास कोणत्याही प्रकारचे खाजगी अथवा घरगुती काम सांगू नये. निवड समितीने गुण व उत्पन्नाचा दाखला पाहून करावी.

समितीने. म्हणजे माझं नाव मॅडमनी घातलंच नव्हतं. मार्क बघून, उत्पन्नाचा दाखला बघून ते आपोआप आलं होतं. मी ज्या उपकाराच्या पाया पडले तो उपकार झालेलाच नव्हता! वर्षभर दर सोमवारी मी ही काच पुसत होते. बाहेरून. चकचकीत. आतलं एकदाही वाचलं नाही. पुसायला सांगितलं, पुसलं. कोणी वाचायला सांगितलं नव्हतं.

किल्ली परत द्यायला गेले.

“काका, तो आतला कागद तुमाले ठाऊक होता?”

वसंतकाका गोंदाची बाटली हलवत राहिले. “हाव.”

“मंग मले सांगतलं काहून नाई?”

“माह्या पोराले लावाचं आहे वं इथं, रोजंदारीवर. मॅडमनं शब्द टाकला तर होते.”

काका वाईट नव्हते. पण त्या क्षणी मला त्यांचाही वीट आला. माझाही आला. एक बाई आणि तिच्याभोवती आम्ही सगळे वाकलेले, आणि तिनं तर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. किल्ली परत देण्याआधी मी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता.

महिनाअखेर आली. मी कागद घेतला आणि भरला. कामाचे स्वरूप: स्टाफरूममधील कप धुणे. कामाचे स्वरूप: समन्वयक मॅडमच्या मुलीचे तक्ते काढणे. महालक्ष्मीच्या दिवशी: मॅडमच्या घरी भाज्या निवडणे व दोन पंगतींच्या उष्ट्या पत्रावळी उचलणे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं.

विभागात मॅडम एकट्या नव्हत्या. रसिका असाइनमेंट द्यायला आली होती. बरं झालं.

मॅडमनी सही करायला पेन उघडलं. वाचलं. पेन बंद केलं.

“हे काय लिहिलंस?”

“काम.”

“अगं, तो प्रसाद होता. पुण्याचं काम असतं ते.”

“मग पुण्याचं काम लिहू द्या. ग्रंथालय काहून लिहायचं?”

“घरची समजून सांगितलं गं तुला.”

“घरची असते तर पंगतीत बसवलं असतं.”

त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बघितला मी. साखर उतरलेला. त्यांनी कागद फाडला, चार तुकडे केले, ड्रॉवरमधून कोरा काढला आणि माझ्यासमोर सरकवला. “नीट लिही. नाहीतर पुढच्या महिन्यात यादीत नाव दिसणार नाही.”

मी तिथंच बसले आणि लिहिलं. तेच. फक्त पत्रावळींच्या पुढे कंसात लिहिलं, पहिली रसिकाची.

रसिका खांद्यावरून वाचत होती. “माझं नाव कशाला?” तिचा आवाज चिरकला.

“तुही पत्रावळ होती म्हणून. मी उचलली. तू ओढणी ओढली.”

“मॅडम, मी काहीच नाही केलं,” रसिका म्हणाली.

तेच तर. काहीच नाही केलं.

दुसरा कागदही फाटला. तिसरा मी होस्टेलवरूनच भरून आणला होता, झेरॉक्ससकट. तो परिपत्रकाच्या प्रतीसोबत जोडला आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, “मॅडम तुम्हा मुलांसाठी किती करतात. गैरसमज झालाय तुझा.” मी पोच मागितली. त्यांना ती द्यायची नव्हती. मी उभी राहिले. शिपायानं दोनदा दार उघडून बघितलं. शेवटी प्राचार्यांनी शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात यादीत माझं नाव नव्हतं. शेरा होता, ‘काम असमाधानकारक’.

आईला फोन करायला मी भीत होते. सगळं सांगितलं. खणाचंही सांगितलं. मागे बायकांचा आवाज येत होता, मिरच्यांच्या ढिगाजवळचा.

मग तिनं विचारलं, “नारळ?”

“खाल्ला. पोरीहीनं मिळून.”

“बेस केलं,” आई म्हणाली. “आता घरी नको येऊ. पास होऊनच येजो.”

मेस गेली, होस्टेल गेलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं, दोन मैत्रिणींसोबत एक खोली घेतली, एकवेळच्या जेवणावर बीए केलं. हे कौतुकानं सांगत नाही. भूक लागते तेव्हा माणूस थोर वगैरे होत नाही, चिडचिडा होतो. मीही झाले. मॅडम अजून विभागप्रमुख आहेत. योजनेच्या समन्वयकही त्याच. मागच्या वर्षी त्यांचा सत्कार झाला, गरीब विद्यार्थ्यांची माउली म्हणून. गेटवर फ्लेक्स लागला होता. मी त्याच्याकडे बघून थुंकले, खरोखर थुंकले, आणि दुकान उघडलं.

काचेमागचा तो कागद त्यांनी काढून टाकला आहे. पण माझ्याकडे फोटो आहे आणि मशीन आहे. आता मी एमए करते आणि सकाळचं दुकान माझ्याकडे असतं. प्रवेश सुरू झाले की योजनेचा अर्ज झेरॉक्स करायला पोरं माझ्याकडेच येतात, दुसरं दुकान लांब आहे. त्या घरात उष्टं उचलायला माझ्यानंतर कोणीही जाणार नाही. मी जाऊ देणार नाही. मॅडमनी शंभर याद्या केल्या तरी.

परवा कुहीकडची एक मुलगी आली. पहिलं वर्ष, नवी ओढणी, हातात अर्ज. खुशीत होती.

“मॅडम लय चांगल्या आहेत ताई. मायं नाव त्याहीनंच घातलं म्हणे. रविवारी घरी बोलावलं मले.”

मी तिचा अर्ज मशीनवर ठेवला. प्रत काढली. मग परिपत्रकाची प्रत काढली आणि ती तिच्या हातात दिली.

“हे वाच.”

“घरी जाऊन वाचतो ना ताई.”

“नाही. इथं. माह्यासमोर.”

मागे रांग लागली होती, कोणीतरी घाई करत होतं. तिनं वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, सावकाश. शेवटच्या ओळीपर्यंत तिचं वाचून होईतो मी तिचा अर्ज तिला परत दिला नाही.